चिंचोक्यांचा डाव

प्रमोदच्या बोटांना लावलेले सेन्सर मी काढलेही नव्हते, तोच आमचे प्रोजेक्टप्रमुख चौधरी सर म्हणाले, "झालं. रिकव्हर्ड लिहा."

स्क्रीनवरची रेघ सपाट होती, हे खरं. माणूस उत्तेजित झाला की त्याच्या बोटांना बारीक घाम येतो. कधी कधी तो त्याला स्वतःलाही जाणवत नाही. सेन्सर तो पकडतो आणि रेघ वर चढते. जुगाराचं व्यसन असलेल्याला पत्त्यांचे फोटो दाखवले की ती चढायला हवी, हा आमच्या प्रोजेक्टचा पाया. अशा फोटोंना आम्ही क्यू म्हणतो. ओढ जागी करणारी खूण. प्रमोदने सगळे क्यू पाहिले. रेघ हलली नाही.

प्रमोद आंजी गावचा. थोडी शेती, बी-बियाण्यांचं दुकान आणि तीन पत्तीचा नाद. मुलीच्या शाळेची फी पत्त्यांत गेली तेव्हा बायको, वंदना, मुलीला घेऊन हिंगणीला माहेरी निघून गेली. त्यानंतर तो आपणहून सिंदी मेघेतल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आला. गेले काही महिने समुपदेशन चालू होतं आणि त्याने पत्त्याला हात लावला नव्हता.

तो बाहेर बाकावर बसला होता, तेवढ्यात वंदनाचा फोन आला.

"मॅडम, मशीन काय म्हणते?"

"रिपोर्ट अजून व्हायचा आहे."

"बरा झाला म्हणत असन तं मी पोळ्याच्या पयले घरी येतो. पोरगी रोज विचारून राह्यली. पन तुम्ही लिहून द्या. त्याच्या शपथा मी लय ऐकल्या."

म्हणजे एक संसार आता माझ्या सहीवर अडला होता. मी चहाचे दोन कप घेऊन प्रमोदशेजारी जाऊन बसले. तो हसला.

"मॅडम, थे फोटोतले पत्ते कुठचे होते?"

"का हो?"

"हिरवा टेबल, अन् एकाही मानसाचं तोंड नाई. असं कोन खेळते? आमच्या इकडं सतरंजी टाकते, मधात पानाचा डबा, अन् बबनकाका सगळ्याइले शिव्या देऊन राह्यले असते..."

बोलता बोलता तो ताठ झाला. हात हवेत पत्ते वाटू लागले. डोळे चमकले. मग त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पँटला पुसले.

मी ते ओले हात पाहिले आणि जवळजवळ धावतच आत गेले.

"सर, क्यू चुकीचे आहेत! फोटो आपण बाहेरून मागवलेत. याच्या आयुष्यात हिरवं टेबल नाहीच."

"मग सतरंजीचा फोटो काढा."

"फोटो नको. पोळ्याला आंजीत जाऊन मोजू."

आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळायचा रिवाज आहे. वर्षभर न खेळणारेही त्या सणाला बसतात. न बसणाऱ्याला लोक विचारतात, तब्येत बरी नाही का?

"आणि तो खेळला तर? जबाबदारी कोणाची?"

"पोळ्याला तो आंजीतच असणार आहे, सर. तिथे एकटा असण्यापेक्षा आपल्यासमोर असलेला बरा."

नीतिसमितीने अटी घालून परवानगी दिली. प्रमोदला वाटेल तेव्हा उठता येईल. आणि डावात पैसा नको. प्रमोदने कागदावर सही केली. बबनकाका, म्हणजे त्याचे चुलते, फोनवर म्हणाले, "पैशे नाई तं काय लावाचं, चिंचोके?"

"चालतील," मी म्हणाले.

सर वैतागले. "चिंचोक्यांवर कोणाला क्रेव्हिंग येतं? सुट्टी फुकट घालवताय."

सुट्टीचा प्रश्न नव्हता. उन्हाळ्यात माझे यजमान गेले होते. त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. बऱ्याच महिन्यांनी मला काहीतरी बघायची घाई झाली होती.

वंदनाला मी सगळं खरं सांगितलं: मशीन बरं म्हणतं, पण माझा त्यावर भरवसा नाही. ती म्हणाली, "मंग मले डोळ्यानं पाहू द्या." प्रमोदला विचारलं. तो म्हणाला, येऊ द्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काकांच्या ओसरीत होतो. रस्त्यावर पोरं लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्याला निघाली होती. आत सतरंजी, पानाचा डबा, प्रत्येकापुढे चिंचोक्यांचा ढीग. प्रमोद भिंतीशी खुर्चीवर, बोटांना सेन्सर, मांडीवर टॅब. त्याची रेघ त्याला दिसावी, हे मी मुद्दाम ठरवलं होतं. वंदना दारात उभी.

पत्ते पिसले. रेघ जराशी थरथरली, बस. चिंचोके मध्ये पडले. काही नाही. सरांचंच खरं होणार, असं वाटलं.

मग काकांनी आपल्या उजव्या हाताची जागा पंजाने झाडली. तिथे कोणी बसलं नव्हतं. ते प्रमोदला म्हणाले,

"बाबू, हे तुही जागा. कोनाले बसू देल्ली नाई म्या. येजो."

रेघ सरळ वर गेली! स्क्रीनची वरची कड गाठून तिथेच राहिली. मी इतक्या वर्षांत अशी चढण पाहिली नव्हती. पैसा नव्हता, जिंकण्यासारखं काही नव्हतं. होती ती फक्त राखून ठेवलेली जागा.

"मॅडम," प्रमोद टॅबकडे बघत म्हणाला, "हे मीच हावो का?"

"तुम्हीच. नुसतं बघत राहा. ओढ लाटेसारखी असते. काही दिलं नाही की उतरते."

"उतरून नाई राह्यली."

"अबे, का शिनेमा पाहून राह्यला तिथं?" काका ओरडले. "चिंचोके हायेत, वावर थोडी लावतो तुहं!"

सगळे हसले. प्रमोद उठला. सेन्सरची वायर ताणली. मी तोंड उघडलं, पण अट आठवली: उठायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. त्याने एक पाऊल टाकलं आणि थांबला.

"काका, थे जागा भरून टाका. कोनालेही बसवा. खाली दिसली की मले राह्यवत नाई."

"तुही जागा कोनाले देऊ रे?"

दारातून वंदना आली. पदर खोचला, सतरंजीवर चढली आणि काकांच्या उजव्या हाताला मांडी घालून बसली.

"मले द्या. वाटा पत्ते."

काकांच्या हातातले पत्ते हातातच राहिले.

"सूनबाई... तुले येते का खेळता?"

"नाई. शिकवा. पन शिव्या देल्ल्या तं मीबी देईन."

आधी प्रमोद हसला, मग सगळेच. मी टॅब पाहिला. रेघ उतरत होती. एकदम नव्हे, बैल घाट उतरतो तशी थांबत थांबत. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. सूनबाईसमोर काकांना एकही शिवी सुचेना. दोन डावांत त्यांनी पत्ते गुंडाळले आणि पुरणपोळ्या मागवल्या.

रिपोर्टमध्ये मी रिकव्हर्ड लिहिलं नाही. उपचार चालू, असं लिहिलं. सरांनी आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. "विलक्षण आहे," ते म्हणाले. "पण 'कोणता उपाय केला' या रकान्यात काय लिहायचं? बायको बसली?"

"तसंच लिहा."

वंदनाला मी म्हणाले, बरा झाला असं मला लिहून देता येणार नाही. ती म्हणाली, "नोका देऊ. मले समजलं कुठं बसाचं थे." त्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन आंजीला परतली. दिवाळीत प्रमोद एकदा घसरला. फोन त्यानेच केला, आणि तोही दुसऱ्याच दिवशी. आमच्या कामात हे यश धरतात.

आता नवीन माणूस आला की आम्ही विचारतो, तुमची जागा कोण राखून ठेवतं? उत्तर यायला वेळ लागतो. मशीन त्यानंतर लावतो.