लतिका कुंट्यांच्या घरची चौकशी

लतिका कुंट्यांच्या घरी आलेला माणूस नुसतं पाणी पिऊन परत गेला, असं कधी घडलं नाही. नवरा दिलीप अचानक गेला. त्याच्या खाजगी नोकरीत पेन्शन नव्हतं. मोठा फ्लॅट सोडून मायलेकी दिल्लीतच मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत आल्या, आणि लतिका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसू लागली. एवढं सगळं बदललं, पण पाहुणचाराचे नियम तसूभर हलले नाहीत. बाईचा बाणाच तसा, आणि शेवटी तोच तिला नडला.

लेकीला, तनयाला, कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तरच तो टिकणार, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा. त्याच्या चौकशीला कचेरीतून जयदीपसाहेब आले. चौकशीला आला म्हणून काय, घरी आलेला माणूस तो पाहुणाच! लतिकाने इस्त्रीची साडी नेसली, माहेरचे नक्षीचे कप काढले आणि साजूक तुपातला शिरा केला. साहेबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि कचेरीत जाऊन शेरा मारला : राहणीमान उत्तम, फेरचौकशी करावी. साहेब मूळचे पानिपतचे होते. अर्जाचंही पानिपतच झालं.

महाराष्ट्र मंडळातली मयुरा, गुरगावच्या आयटी कंपनीतली, धावत आली.

"लतिकाताई, यार, असं कोणी करतं का? ते कप आत टाक. जुना गाऊन घाल. गादी गुंडाळून ठेव, जमिनीवर बस. थोडं रडलीस तर बिल्कुल काम होईल."

"रडायला आज घरात कोणी गेलंय का?" लतिका म्हणाली.

तनया मात्र रडकुंडीला आली. "आई, प्लीज! एक दिवस गरीब दिसलीस तर काय बिघडेल? ॲडमिशन माझी जाणार आहे, तुझी नाही."

हे लतिकाला झोंबलं. लेकीचं चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबलं. रात्री तिने तो गाऊन काढून पाहिलाही. पण सोंग तिला जमणारं नव्हतं. लोकांची धुणीभांडी करीन, पण हे करणार नाही, असं म्हणून तिने गाऊनचं फडकं केलं आणि त्याच फडक्याने खिडकी पुसली.

साहेब पुन्हा आले तेव्हा खोली लखलखत होती.

"मैडम," ते अवघडून म्हणाले, "इस घर में गरीबी दिखती ही नहीं."

"दिखाने की चीज़ है क्या?" लतिकाचा आवाज चढला. "तनख़्वाह की पर्ची देखिए, किराए की रसीद देखिए. मकान मालिक से पूछिए, क्लिनिक में फ़ोन कीजिए. झाड़ू लगाने के पैसे नहीं लगते, इसलिए घर साफ़ है."

साहेबांनी सगळं पाहिलं, दवाखान्यात फोनही केला. माणूस वाईट नव्हता. या बाईचं भलं करावं असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी अहवालात झरझर लिहिलं. मग कागद सहीसाठी पुढे केला. लतिकाने चष्मा लावून वाचला. उत्पन्न बरोबर, भाडं बरोबर. खाली ओळ होती : परिवार की दशा अत्यंत दयनीय.

"ये काटिए."

"अरे, आपके फ़ायदे का है! इसी से काम होगा."

"बाकी सब सच है. ये झूठ है. काटिए."

"फिर नामंज़ूर हुआ तो मेरे पास मत आइएगा."

"आपके पास नहीं आऊँगी. आपके बड़े साहब के पास जाऊँगी."

लतिकाने हातातला कागद सोडला नाही. पण लेकीकडे बघायचा तिला धीर होईना.

तनया उठून आली. तिने आईच्या हातातून कागद घेतला, टेबलावर नीट सपाट केला आणि साहेबांसमोर सरकवला.

"अंकल, काट दीजिए," ती म्हणाली. "जहाँ काटेंगे, वहाँ मैं भी साइन करूँगी."