कोंडवाड्यातला अमीन

लहानपणी जे व्हायचं ठरवलं तेच मोठेपणी झालेला माणूस आमच्या गावात एकच. बाकीच्यांचं सोडा. अमृतप्पाला पैलवान व्हायचं होतं, तो आता दुकानात गुळाच्या ढेपा उचलतो आणि उचलण्याआधी मांडीवर थाप मारून घेतो. शांतम्माच्या नवऱ्याला बिदरच्या किल्ल्यातली तोफ उडवायची होती, त्याला आता बायकोसमोर खोकायची चोरी. ही मंडळी मुकाट पोटापाण्याला लागली, ठरवलेलं विसरली आणि गावाचं भलं झालं. विसरला नाही तो हावगेप्पा. त्याला अमीन व्हायचं होतं.

अमीन म्हणजे निजामाच्या राज्यातला फौजदार. चिंताकीच्या वाटेवरच्या आमच्या गावात तो क्वचितच यायचा, पण आला की घोड्यावर यायचा आणि गाव उन्हात उभं राहायचं. हावगेप्पा पोरसवदा होता तेव्हा अशाच एका फेरीत अमिनानं त्याच्या अज्जाला पायातलं पायताण डोक्यावर घ्यायला लावून उभं केलं होतं म्हणे. दुसऱ्या पोरानं दगड उचलला असता. निदान रडलं तरी असतं. हावगेप्पानं अज्जाकडं बघितलंच नाही, तो घोड्यावरच्या माणसाच्या पट्ट्याकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी हातात निरगुडीची छडी आली आणि ओढ्याकाठच्या बाभळींचे जबाब सुरू झाले.

"बोल! कल रात कू कां थी तू?"

बाभळ काय बोलणार? मग तिला छडी.

मोठा झाल्यावर तो खरोखर पोलिसात भरती व्हायला गेला. निजामाच्या वेळी छाती भरली नाही. "फुगव" म्हणाले तर त्यानं इतकी फुगवली की खोकल्याची उबळ आली आणि मोजणारा भिजला. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, आमच्या गावानं आगशीवर, म्हणजे वेशीच्या दरवाज्यावर, नवा झेंडा लावला. हावगेप्पाला आनंद झाला तो वेगळाच: आता जुने पोलीस जातील, जागा रिकाम्या होतील. पुन्हा गेला. यावेळी उंची भरली नाही. टाचेखाली फडक्याच्या घड्या घातल्या होत्या, त्या मापाच्या पट्टीखालीच सुटल्या. शेवटी पाटलांनी दया येऊन त्याला कोंडवाड्यावर राखणदार ठेवलं. लोकांच्या पिकात शिरलेली जनावरं आत घालायची, मालकानं दंड भरला की सोडायची. एवढंच काम.

एवढंच? हावगेप्पाला विचारा. चार पडक्या भिंती, एक फळकुटाचं फाटक आणि मधे एक कडुलिंब, तर तो म्हणणार "ठाणा". आत आलेलं जनावर "मुजरीम". गाव त्याला हिणवायला "अमीनसाब" म्हणतं, आणि तो "हौ" म्हणून थांबतो. त्याचा आवाज काढायचा तर आधी नाक चिमटीत धरावं, हनुवटी गळ्यात रुतवावी आणि वाक्य संपलं की वरच्या ओठानं फूऽ करावं, मिशीवर माशी बसल्यासारखं. मिशी त्याला नाही.

यंदा पौषात त्यानं पुन्हा भरतीला जाऊन उभं राहायचं धाडस केलं आणि मापाच्या पट्टीला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मापात बसला. मोजणाऱ्याला जेवायची घाई होती म्हणतात. आता एकच राहिलं होतं: औरादहून जमादार येऊन गावात चालचलनाची चौकशी करणार. गाव बरं बोललं तर वर्दी, वाईट बोललं तर कोंडवाडा. वय निघून चाललेलं, याच्यापुढं भरतीवाले त्याला उभं करणार नव्हते. हे सगळ्या गावाला माहीत होतं. दुसरा असता तर त्या पंधरवड्यात कुत्र्यालाही अहोजाहो केलं असतं.

यानं काय केलं? सोजराबाईची म्हैस धरली.

सोजराबाई एकटी बाई. नवरा वारलेला, घरात दुसरी कमाई नाही. म्हशीचे दिवस भरलेले, चार दिवसांत दूध सुरू होणार, त्यावर बाईचं वर्ष निघायचं. म्हशीनं दावं तोडलं आणि अंकुशरावांच्या ज्वारीत तोंड घातलं. अंकुशरावांनी हाकललीही नाही. हावगेप्पानं मात्र बांधावर दबा धरला होता. म्हशीला धरून गावातून मिरवत आणली आणि फाटक लावलं.

बाई दंड पदरात बांधून लगोलग आली.

"घे बाबा, सोड तिला. आज-उद्या व्यायची हाय ती."

"म्हैस कुनाच्या नावावर हाय?"

"त्यांच्याच की. आमच्या मालकाच्या."

"मग मालकाला घेऊन ये."

"आरं, त्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली! तू तर जेवला होतास की तेराव्याला, दोनदा वाढून घेटलास!"

"ते जेवन वायलं, कायदा वायला," हावगेप्पा म्हणाला आणि फूऽ केलं. "मालक न्हाई तर जबाब कोन दिल? समजी क्या?"

अंकुशराव स्वतः आले. "हावग्या, ज्वारी माझी, तक्रार न्हाई माझी. चार ताटं खाल्ली तिनं. सोड की."

"तुमी फिर्यादी, अप्पा. फिर्याद्यानं मधी बोलायचं नस्तंय."

"मी कवा फिर्याद दिली रं?"

"ते मी बगतो."

अमृतप्पानं त्याला कडेला घेऊन सांगितलं, "येड्या, जमादार यायलाय. हीच बाई तुझ्याबद्दल काय सांगंल, इचार कर."

त्यावर हावगेप्पानं काय उत्तर द्यावं? "म्हनूनच धरली. जमादारानं बगू दे, किती कडक हाय मी."

म्हैस कोंडवाड्यातच व्याली, दुसऱ्या दिवशी सकाळी, कडुलिंबाखाली. सोजराबाई भिंतीवर चढून वरूनच "हं माय, हं माय" करत होती. आत जायला तिला परवानगी नव्हती. वगार झाली, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिक्का. गाव बघायला लोटलं. बाई म्हणाली, "आता तरी सोड. पिल्लाला चीक पाजू दे घरी नेऊन." हावगेप्पा वगारीभोवती एक फेरी मारून आला, हनुवटी गळ्यात रुतवली आणि म्हणाला, "आता दंड दोघींचा."

"दोघींचा कामून?"

"आत हाय ना? आत हाय ती मुजरीम."

तेवढ्यात जमादार आला. रामकिशन जमादार, घोडा नाही, पट्टा सैल, पायात फोड, औरादहून चालत आलेला. आल्या आल्या पाणी मागितलं आणि गर्दी बघून कोंडवाड्याकडंच वळला. हावगेप्पानं टाचा जुळवून असा सलाम ठोकला की म्हैस दचकून उठली.

"क्या तमाशा है रे?"

"दो मुजरीम, साब! एक बडी, एक छोटी!"

जमादार वगारीकडं बघत राहिला. ती अजून ओली होती, चार पाय चार दिशांना टाकत होती.

"ये छोटी ने किसका खेत खाया?"

कुणीही शहाणा इथं गप बसला असता. हावगेप्पाचं पंचवीस वर्षांचं अमीनपण मात्र घशाशी आलं होतं.

"साब, ज्वारी खाई इसकी माँ, हौ. पन अंगाला कुनाच्या लागली? पोटात कोन होती? हीच! चोरीका माल इसकेच पास है, साब!"

कुणी हसलं नाही. हसायलासुद्धा माणसाला जरा सावरावं लागतं. जमादारानं पाण्याचा लोटा तोंडाला लावला होता, तो तसाच खाली घेतला आणि सोजराबाईला विचारलं, "बाई, चौकशीकू आया मैं. कैसा आदमी है ये? खरं सांगा."

सगळ्यांनी माना वळवल्या. हावगेप्पाचा रंग तेव्हा कुठं उडाला. आत्तापर्यंत बाई म्हणजे मुजरीमची मालकीण, एका क्षणात तीच त्याची अमीन झाली. तो फाटकाची कडी धरून तिच्याकडं असा बघू लागला की, सोजराबाईच्या नवऱ्याच्या तेराव्यालाही त्यानं एवढं गरीब तोंड केलं नव्हतं.

सोजराबाई भिंतीवरून उतरली, पदर खोचला. "लई चांगला हाय साहेब. तुमच्यासंगंच न्या त्याला. आत्ता न्या. लांबच्या ठाण्यात ठिवा. हैदराबादेला झालं तर आनखी बरं."

तेव्हा कुठं गाव हसलं. अंकुशरावांना तर बसावं लागलं. "न्या साहेब, न्या! शिदोरी आमी देतो!"

जमादार मात्र हसला नाही. त्यानं तोंड पुसलं.

"इसकू पोलीस में लिये ना," तो म्हणाला, "तो पेटवाली औरत कू पकड को दो जनों का चालान करिंगा. नक्को बाबा. हमारेमें पैलेसेच भौत हैं ऐसे." मग हावगेप्पाला, "खोल फाटक. दोनों कू छोड. और छोटी चलती नै अबी, तू उठा."

झालं. म्हैस पिल्लाशिवाय हलेना आणि पिल्लाला चालता येईना, म्हणून हावगेप्पानं वगार खांद्यावर घेतली. पुढं सोजराबाई, मधे हा, मागं म्हैस. म्हशीला वाटलं हा पिल्लू पळवतोय, ती दर दोन पावलांना त्याच्या पाठीत डोकं घालत होती. वगारीनं वाटेत त्याच्या सदऱ्यावर जे करायचं ते केलं. आगशीपासून तिच्या दारापर्यंत पोरं शिट्ट्या फुंकत मागं होती. बाईनं गोठ्यात वगार उतरवून घेतली आणि त्याच्याकडं न बघता आतून दार लावलं.

वाटलं, आता तरी हा जमिनीवर येईल. लाज नावाची चीज माणसाला कुठंतरी असते म्हणतात. आठवडा झाला नाही तोच अमृतप्पाच्या दुकानापुढं चिंताकीहून आलेले दोन पाहुणे बसलेले, आणि हावगेप्पा त्यांना तंबाखू मळत सांगतोय:

"आलता की जमादार बलवायला. पाया पडायचाच बाकी होता. मीच नको म्हनलो."

"कामून ओ?"

हावगेप्पानं नाक वर केलं, हनुवटी रुतवली.

"पोलिसात आता कायदा राह्यला न्हाई. माज्या डोळ्यादेखत त्या मानसानं दोन मुजरीम सोडले. फूऽ."

पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि त्यातला एकजण सावरून बसत त्याला अमीनसाब म्हणाला.