लेण्याकडं पाठ करून बसा!

कुणाच्या घरी भांडी साठतात, आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात. मी भिवंडीत इतिहास शिकवतो, त्यात मला खूळ लागलं की पोरांना लेण्यात, जंगलात न्यायचं आणि तिथंच शिकवायचं. मग काय, भोगा!

पहिल्या वेळी पाटीलबाई सोबत होत्या. बाई शिस्तीच्या! लेण्यासमोर गुंडाळीचा फळा टांगला, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पोरांना लेण्याकडं पाठ करून बसवलं आणि फळ्यावर लेण्याचं चित्र काढलं. एक पोरगी मागं वळली. बाई कडाडल्या, "इकडं बघ! परीक्षेला हे येणार, ते नाय!"

*

पुढच्या खेपेला मी वर्कशीट दिलं. 'गुहा मोजा. इथं काय होत असेल, लिहा.' मला भिक्खू, त्यांचा पावसाळ्यातला मुक्काम म्हणजे वर्षावास वगैरे हवं होतं. पण भिवंडीची पोरं गोडाऊनं बघतच वाढलेली. अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'गोडाऊन.' एकाने खाली शेराही मारला, 'कंटेनर आत वळणार नाय. मालकाने आधी विचार करायला पाहिजे होता.'

*

वर्गातल्या श्रीनूचा बाप लूमवर कापड विणतो. मूर्तीच्या कोरीव वस्त्राला तडा दिसला, तसा हा पुढं सरकला. वॉचमन ओरडला, "ए, हात नाय लावायचा!"

"धागा तुटलाय काका. गाठ मारतो, दोन मिनटं!"

*

यंदा वर्ग अभयारण्यात न्यायचा होता आणि माझं धाबं दणाणलं. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं, "गोंगाटाची तक्रार आलीय. वनरक्षकाने 'मुलं शांत होती' असं सही करून दिलं तरच पुढच्या वर्षी वर्ग बाहेर. नाहीतर बंद!"

आता आमची पोरं गप बसणार कशी? त्यांच्या गल्लीत लूम थांबतात ते फक्त लाइट गेल्यावर. एरवी घरात पाणीसुद्धा ओरडून मागायचं.

अभयारण्यातला वनरक्षक आमच्या भिवंडीतल्या टेमघरचाच निघाला, लूमच्या खडखडाटात वाढलेला. बोलला, "पाच मिनटं गप बसा. पाखरं येतील."

एक मिनिट झालं. दोन झाली. चाळीस पोरं चिडीचूप! चौथ्या मिनिटाला समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. खरं सांगतो, मला रडूच आलं. मी हळूच सहीचा कागद वनरक्षकापुढं धरला, त्याने पेन काढलं.

तेवढ्यात श्रीनू ताडकन उठला. "सर, लाइट गेली!"

चाळीसच्या चाळीस पोरं उभी! खंड्या भुर्रकन उडाला. मी कपाळाला हात लावला.

वनरक्षकाने वर झाडांकडं बघितलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि कागदावर सही ठोकत श्रीनूला गंभीरपणे विचारलं, "येनार कधी?"