काकांनी राखलेलं वावर

औंढा नागनाथात कुणाचंच न ऐकणारी माणसं पुष्कळ आहेत, पण कॉम्प्युटरचंही न ऐकणारा माणूस एकच, माझ्या मावशीचे यजमान. काकांची नोकरी तहसील कचेरीत कारकुनीत गेली. साहेब आला की हार घालायचा आणि गेला की त्याचे हुकूम फायलीत पुरायचे, ह्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे पडद्यावरची सूचनाही ते साहेबाच्या हुकमासारखी वाचतात: शांतपणे, शेवटपर्यंत आणि पाळायचा कोणताही इरादा न ठेवता.

मावशी कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळते. एके दिवशी तो उघडेचना. पडद्यावर चित्रं उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर चालत नाही, अशी चौकट यायची. पुण्याहून मुलगा म्हणाला, नवा कॉम्प्युटर पाठवतो, त्यात नवं शेत कर. मावशीचं पेरलेलं शेत मात्र जुन्यातच होतं. हिंगोलीच्या दुकानदारानं हात न लावताच निकाल दिला, "अंकल, इसको अब म्यूझियम में रखो."

"आधी मला ठेवा," काका म्हणाले, "मी याच्याहून जुना आहे." आणि मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं परत आणलं.

मग घरीच लढाई सुरू झाली. जुन्या मशीनला न झेपणारा नवा ड्रायव्हर काढून जुना बसवायचा, मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा नवाच हजर. मावशी मेथी निवडत म्हणायची, "तुमच्यानं व्हत न्हाई. सोडा आता. टीव्ही बघते मी." मीही तेच सुचवलं, तेव्हा काकांनी मान वर केली.

"पुसेगावचं तिचं वावर मी विकलं, हे घर बांधायला. तवा ती काही बोलली न्हाई. हे दुसरं न्हाई जाऊ देणार."

अखेर कारकुनी डोकंच कामाला आलं. "आपला माणूस रोज काहून बदलतो? वरून ऑर्डर येऊन राहिली," ते म्हणाले आणि त्यांनी इंटरनेटची वायरच उपटली. वरून नवा ड्रायव्हर यायची वाट बंद झाली. मग जुना बसवला, मशीन पुन्हा चालू केलं आणि गेम उघडला.

मावशीचा ट्रॅक्टर अर्ध्या कापलेल्या सोयाबीनमध्ये, सोडला होता तिथंच उभा होता. काका विजयाचं भाषण करतील असं मला वाटलं होतं. ते चहा ठेवायला आत निघून गेले. मावशीनं चष्मा लावला, ट्रॅक्टर बांधापर्यंत नेला आणि थांबवला.

"इथं एक बाभूळ पाहिजे होती," ती म्हणाली. "आमच्या वावरात होती."

 आत चहा बराच वेळ उकळत राहिला.