जावेची सॅक, माहं तणस

माही धाकटी जाऊ पुण्याहून लग्न होऊन सिंदेवाहीले आली, तेव्हा तिले सागाचं पान आन् पळसाचं पान यातला फरक समजत नव्हता. आमच्या बायकांच्या भटकंतीच्या गटात तिले मीच नेलं. गवतातून चालताना मोजे सलवारीवर ओढायचे, नाई तं गोचिड्या चढतात, हे बी मीच शिकवलं. आन् आता पहा! हिवाळ्याच्या मुक्कामाले निघालो का साऱ्या बायका तिच्याच सॅकभोवती. "दाखव ना वं, हे काय आहे?" मी बाजूले उभी, जशी मी कोणी नाईच.

यंदाचा मुक्काम साधा नव्हता. गट चालवणाऱ्या मॅडम, शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांचे गुडघे गेले. पुढच्या वर्षीपासून बायकांले कोण नेईल ते या मुक्कामात ठरवीन, असं त्यांनी सांगतलं. मी का माही जाऊ, दोनच नावं होती. मले ते पाहिजे होतं. पाहिजेच होतं. घरी माह्या मागं कोणी चालत नाई, सारे मले हाकाच मारतात.

मले वाटलं, हिचा सारा तोरा सामानाचा आहे. मंग आपण काऊन मागं राहावं? चंद्रपूरले जाऊन धान्याच्या कोठीएवढी सॅक आन् घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घेतले. दुकानदार म्हणे, "बाई, काही दिवस घरी घालून फिरा, मंग जंगलात न्या." मी म्हटलं, भाऊ, मले चालाले शिकवू नका. सॅकीत दोन ब्लँकेटं, स्टीलचे डबे, वरतून पोळपाट.

जावेची सॅक माह्यापेक्षा अर्धी. पायात जुनेच बूट, पार वाकलेले.

"नवे नाई भेटले काय?" मी विचारलं.

"हे पायांच्या ओळखीचे झालेत, बाई," ती म्हणाली. मले ती बाईच म्हणते.

कपडे प्लास्टिकात गुंडाळलेले. तंबू म्हणे आधी गच्चीवर उभा करून पाहिला. गच्चीवर तंबू! मी मनातल्या मनात लय हसली. टेकडी चढेपर्यंत माह्या दोन्ही टाचांले फोड आले. जावेनं चारचौघींत माहा पाय मांडीवर घेतला आन् पट्टी लावली. लाज वाटली का राग आला, सांगता येत नाई. राग जास्त.

मुक्काम गावच्या शाळेच्या पटांगणात होता. वाघाच्या मुलखात जंगलात तंबू कोण टाकते? शाळेमागं धानाची चुरणी झालेली, उरलेल्या वाळक्या काडाचा, तणसाचा मोठा ढीग. माह्या डोक्यात आलं, आता दाखवते. आमच्याकडे खळ्यावर राखणीले जाते तो माणूस थंडीचं तणसच अंथरते. मी ढिगाच्या मालकाले मागून कवळ्याच्या कवळ्या आणल्या आन् साऱ्या तंबूंच्या खाली जाड थर दिला. बायका खुश. मॅडम म्हणाल्या, "ही खरी इथची बाई! फक्त तणसाची टोकं तंबूखाली आत खुपस, सकाळी ढोरं इकडूनच जातात." मी जावेकडे पाह्यलं. तिचं तोंड पडलं असतं तं माही टाच दुखाची थांबली असती. पण ती टाळ्या वाजवून राह्यली होती. जळाले बी येत नाई हिले!

टोकं मी आत खुपसली नाई. मुद्दाम. साऱ्यांले दिसावं, हे तणस माहं आहे.

सकाळी ढोरक्यानं गावची ढोरं सोडली. शाळेच्या पटांगणाची भिंत एका बाजूनं पडलेली. पहिली गाय आत आली, मंग सारा कळप. गाई-म्हशी तंबूखालून तणस ओढाले लागल्या. एका म्हशीचा पाय मॅडमच्या तंबूच्या दोरीत अडकला आन् तंबू मॅडमच्या अंगावर. बाहेर काढलं तं चष्मा वाकडा, केसांत तणस.

"टोकं आत घ्याले सांगतलं होतं ना मी?"

मी मॅडमच्या केसांतलं तणस काढाले लागली. तेवढ्यात जाऊ समोर झाली. "मॅडम, बाईंनी मला टोकं खुपसायला सांगितलं होतं. मीच विसरले."

मॅडमनं तिले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "विसरणाऱ्या बाईच्या भरवशावर मी पोरीसोरी जंगलात नाई धाडत. मंग मोठीच ठीक आहे."

म्हणजे मीच. झालं होतं, माह्या पदरात पडलं होतं. गप्प बसाचं होतं फक्त. पण माह्या अंगाची लाही लाही झाली. पट्टी हिनं दिली, आता हे बी हिच्याच हातून घेऊ? चांगुलपणात बी हीच समोर?

"खोटं बोलून राह्यली ही!" मी वरडली. "मी हिले काही सांगतलं नव्हतं. टोकं मीच बाहेर ठेवली. मुद्दाम ठेवली!"

जावेच्या डोळ्यात पाणी आलं. मॅडमनं आपल्या गळ्यातली, गट चालवाची शिटी काढली आन् जावेच्या गळ्यात घातली.

परतताना जाऊ सगळ्यांच्या समोर, मी शेवटी, चपला घालून. ती दर वळणावर थांबे, माह्याकडे पाहे, मी आली का नाई.

"चाल ना समोर!" मी खेकसली. "मागं काय पाहून राह्यली?"

तरी ती थांबलीच.