समुद्राकडचं पाणी

भातकुलीच्या पुंजारामकाकांनी वाऱ्यावरून सांगितलेला पाऊस सहसा चुकत नसे. कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली, वैशाखात, शेजारचा देवीदास गाडीत गाठी लादून कोकणातल्या बंदराकडे निघाला. जाताना त्यानं विचारलं, "काका, तिकडे पाणी कवा लागन?"

पारावर माणसं बसली होती. काकांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण "मले ठाऊक नाही" म्हणायला जीभ वळेना.

"मिरगापर्यंत थेंब नाही. निवांत जाय," ते म्हणाले.

देवीदास आषाढात परतला तो पायीच. मिरगाच्या आधीच वादळ आलं, घाटात चिखल झाला आणि गाडी दोन्ही बैलांसकट दरीत गेली होती. तरी तो म्हणाला, "तुमचं बरोबरच असन, काका. मीच काही चुकलो असन."

त्यानं शिवी दिली असती तर काकांनी सोसली असती. ते खालमानेनं म्हणाले, "तुई चूक नाही, बापू. मले तिकडचं काहीच ठाऊक नव्हतं. चार लोकांत लाज वाटली, म्हणून बोललो."

काकांनी आपली बैलजोडी नेऊन त्याच्या दारात बांधली. पुढे ती बैलं देवीदासच्या वावरात तण काढायचा डवरा ओढताना दिसली, की काकांना दरीत गेलेली जोडी आठवे आणि ते बांधावरूनच मागे फिरत.