कुंपणालगतचा डबा

आमच्या वहिनी औषधांची आणि टपालाची खोकी घेऊन डोंगरापलीकडच्या गावांना छोटे विमान नेत असत. घरात या नोकरीचा उल्लेख ‘तिचं ते उडणं’ असा होई. माझ्या थोरल्या बंधूंची विमा कचेरीतली खुर्ची मात्र ‘हुद्दा’ ठरे. विमानात मार्ग दाखवणारा मोठा पडदा होता. तरी तो दगा देईल तेव्हा हाताशी असावे म्हणून वहिनी डोंगर चढणारे वापरतात तसले मुठीत मावणारे जीपीएस खिशात बाळगत. वाटेवरच्या सगळ्या धावपट्ट्या त्यांनी त्यात एकेक करून भरल्या होत्या.

दादाचा डोळा नेमका याच यंत्रावर. डबे हुडकण्याचा एक खेळ आहे: कोणी पुलाखाली, कोणी कड्याच्या कपारीत डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि चांगली मिशाळ माणसे यंत्र हातात धरून तो शोधतात व आत सही करून कृतार्थ होतात. दादा या खेळाने झपाटला होता. यंत्र जुने, त्याची साठवण तोकडी. एका रविवारी डब्यांच्या खुणा मावेनात, तेव्हा त्याने वहिनींच्या धावपट्ट्या पुसल्या. विचारण्याचा प्रश्न नव्हताच. त्याने सांगितलेही नाही.

पुढच्याच फेरीत दरीवर धुरळ्याचे पटल असताना मोठा पडदा काळा पडला. वहिनींनी खिशातले यंत्र काढले. धावपट्टी एकही नाही. ‘म्हातारीचा दात’, ‘उंटाची पाठ’, ‘मामाची टोपी’ अशी डब्यांची नावे. ‘मामाची टोपी’वर त्यांची नजर थांबली. तो डबा शोधायला दादाने त्यांना एका सुट्टीत फरफटत नेले होते आणि तो एका लहान धावपट्टीच्या कुंपणालगत होता. त्यांनी यंत्राचा बाण त्या डब्यावर लावला आणि विमान सुखरूप उतरवले.

“माझ्या खेळानं वाचवलं हिला!” दादा येईल त्याला सांगू लागला. खेळगड्यांनी त्याचा सत्कारही केला. वहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या.

इकडे कंपनीच्या व्यवस्थापकांनी यंत्र मागवून पाहिले. “याला तुम्ही आणीबाणीची सोय म्हणता? हा पोरखेळ आहे!” चौकशी लागली आणि तिच्या निकालापर्यंत वहिनींचे उड्डाण थांबवण्यात आले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो.

“निघण्याआधी मी बघायला हवं होतं, तेवढं मी कबूल केलंय,” वहिनी दादाला म्हणाल्या. “पण धावपट्ट्या काढून डबे मीच भरले असं वाटतंय त्यांना. तुम्ही एकदा येऊन सांगा ना, पुसलं ते तुम्ही.”

“अगं, मग माझी गोष्टच बुडाली की! तारणारा मी आणि मारणाराही मीच? लोक तोंडावर हसतील.”

“दादा, वहिनींचं विमान जातंय हातातून,” मी म्हणालो.

“तू गप रे, तक्रारखोर! जगाच्या तक्रारी करून पोट भरलं नाही, आता घरातल्या कर. आणि गेलं तर गेलं. जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं.”

“भाऊजी, राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “पालथ्या घड्यावर पाणी.”

मी राहू दिले नाही. व्यवस्थापकांना जाऊन भेटलो. “पुसताना तुम्ही पाहिलंत?” त्यांनी विचारले. पाहिले नव्हते. “मग दीर भावजयीच्या बाजूनं बोलणारच.” नंतर त्यांनी दादाला बोलावले. त्याने हातवारे करून उड्डाणाची साग्रसंगीत कथा सांगितली, आणि धावपट्ट्यांचे विचारल्यावर “आठवत नाही बुवा” एवढेच म्हणाला. व्यवस्थापकांनी त्याला चहा पाजला.

वहिनी आता त्याच कंपनीच्या खिडकीवर पार्सले घेतात. दादाच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मुद्दाम तिथे येते आणि कौतुकाने विचारते, “त्याच ना तुम्ही, डब्यानं वाचलेल्या?”

“हो,” वहिनी म्हणतात, “पार्सल काट्यावर ठेवा.”